आपल्या खासदाराला लिहा



टोनी हजेल हे नाव आपल्याला २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ठाऊक झालं. नव्या कृत्रिम पायांवर महिनाभर रोज थोडं थोडं चालून या पाच वर्षांच्या मुलानं दहा किलोमीटर पुरे केले आणि स्वतःला वाचवणाऱ्या एव्हलिना लंडन रुग्णालयासाठी दहा लाख पौंडांहून जास्त निधी उभा केला. दीड महिन्याचा असताना जन्मदात्यांच्या घरी झालेल्या छळात त्याचे पाय गेले होते. २०१८ मध्ये त्या दोघांना दहा-दहा वर्षांची कैद झाली. न्यायालयाला त्याहून जास्त देताच येत नव्हती; कायद्यातली कमाल शिक्षा तेवढीच होती.

त्याला दत्तक घेणाऱ्या पॉला हजेल यांनी हा कायदा बदलायचा ध्यास घेतला. केंटमधले त्यांचे खासदार टॉम टूगनहॅट यांनी तो विषय संसदेत लावून धरला. २८ जून २०२२ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये मुलाला गंभीर इजा करणाऱ्याला किंवा ती होऊ देणाऱ्याला १४ वर्षांपर्यंत, आणि मूल दगावलं तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. टोनीच्या गुन्हेगारांची शिक्षा यामुळे एका दिवसानंही वाढली नाही, कारण हा बदल मागच्या गुन्ह्यांना लागू नाही. पॉला लढल्या त्या इतरांच्या मुलांसाठी.

‘होऊ देणाऱ्याला’ हे शब्द आपण नीट वाचायला हवेत. बंद दाराआड दोन मोठी माणसं असतात, हात कुणी उचलला ते सिद्ध होत नाही, आणि दोघंही सुटतात. म्हणूनच घरातल्या ज्या माणसाला धोका दिसत होता किंवा दिसायला हवा होता, आणि तरीही ज्यानं मुलाला वाचवायची धडपड केली नाही, त्यालाही हा कायदा जबाबदार धरतो. घरातली गोष्ट घरातच ठेवायची आपली सवय मुलांच्या बाबतीत घातक आहे, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

२०२५ साली संसदेत आलेल्या गुन्हेगारी आणि पोलीसविषयक विधेयकातही मुलांवरच्या गुन्ह्यांची शिक्षा अशीच कडक करणारी एक तरतूद होती. लाडीगोडी लावून, विश्वास संपादन करून मग मुलांवर लैंगिक अत्याचार केला असेल, तर शिक्षा ठरवताना तो गुन्हा अधिक गंभीर मानावा, अशी ती होती.

“आपला पासपोर्ट भारतीय, आपलं कोण ऐकणार?” असं मंडळात अनेकदा कानावर येतं. खासदाराला लिहायला नागरिकत्व लागत नाही, त्याच्या मतदारसंघात राहणं पुरतं. शिवाय राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून, वैध व्हिसावर इथं ब्रिटनमध्ये राहणाऱ्या प्रौढ भारतीयांना संसदेच्या निवडणुकीत मतही देता येतं. मतदारयादीत नाव नसेल तर आजच नोंदवा.

पत्र मात्र आपल्याच खासदाराला धाडा; दुसऱ्याच्या मतदारसंघातल्या माणसाचं काम ते सहसा घेत नाहीत. पूर्ण पत्ता आणि पोस्टकोड लिहा. मागणी एकच ठेवा, तीही स्वतःच्या शब्दांत. कुठलं कलम, काय बदल हवा आणि तुम्ही त्यात आई, आजोबा, शिक्षक की डॉक्टर म्हणून का पडता, एवढं पुरे. गुळमुळीत उत्तर आलं तर त्यांच्या ‘सर्जरी’ची, म्हणजे मतदारांना भेटण्याची, वेळ मागून प्रत्यक्ष भेटा, आणि जाताना शेजारच्या घरातल्या कुणाला तरी बरोबर न्या.