तापीच्या मुखाशी गाडी का रुतते? डुमसला गळ घेऊन जाण्याआधी हे वाचा

जळगाव-धुळ्यातल्या कित्येक घरांचं एक घर सुरतेत असतं. उधना, लिंबायत, पांडेसरा भागात खान्देशी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. सुट्टीत काका-मावशीकडे गेलं की डुमसची फेरी होतेच. मुलं, डबा आणि गळ गाडीत टाकून थेट पाण्यापर्यंत जायचा मोहही तिथेच होतो.

जुलै २०२५ मध्ये याच डुमसला एक मर्सिडीज चिखलात रुतल्याचा व्हिडिओ देशभर फिरला. किनाऱ्यावर वाहन नेण्यास बंदी असताना ही गाडी आत गेली होती. त्याआधी जून २०२४ मध्ये कच्छमधल्या मुंद्र्याजवळ दोन थार समुद्रात अडकल्या. २०२४ च्या अखेरीस रेवदंड्याला रुतलेली फेरारी तर बैलगाडीने ओढून काढावी लागली.

मग चुकतं कुठे?

नदी तीच, वाळू वेगळी

मुलताईला उगम पावणारी तापी चांगदेवला पूर्णेला, पुढे गिरणा आणि पांझरेला सोबत घेत सुमारे ७२४ किलोमीटरनंतर सुरतेजवळ समुद्राला मिळते. खान्देशात उन्हाळ्यात तिच्या कोरड्या पात्रात ट्रॅक्टर सहज उतरतात, त्यामुळे वाळूची भीती वाटत नाही. पण मुखाशी नदीने आणलेला बारीक गाळ साचतो. वरून टणक दिसणाऱ्या थराखाली पाणी भरलेला चिखल असू शकतो. माणसाचं वजन तो कधी कधी पेलतोही. गाडीच्या वजनाने आणि चाकांच्या हादऱ्याने मात्र कणांमधलं पाणी दाबलं जातं, कण एकमेकांना सोडतात आणि जमीन लापशीसारखी होते. अशा वेळी ॲक्सिलरेटर दाबला की चाक आणखी खोल जातं. फोर बाय फोर असली तरी चारही चाकं चिखलातच फिरतात.

भरतीचं गणित काय?

ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सव्वासहा तास लागतात, पण पाणी एकसारखं चढत नाही. मधल्या दोन तासांतच जवळपास निम्मी वाढ होते. खंबातच्या आखातात भरती मोठी असते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला सुरतेजवळ पाण्याची पातळी ५ मीटरपेक्षा जास्त वर-खाली होते. किनाऱ्याचा उतार १०० मीटरला १ मीटर असेल, तर पाणी एक मीटर चढताच समुद्र १०० मीटर आत येतो. रुतलेल्या गाडीसाठी ट्रॅक्टर शोधायला तेवढा वेळ मिळेलच असं नाही.

खरी अडचण इथेच आहे. भरतीच्या पाण्याबरोबर मासे मुखातून आत शिरतात. म्हणजे गळ टाकायची चांगली वेळ आणि गाडीला सर्वांत जास्त धोका असलेली वेळ एकच.

परदेशात चालतं, मग इथे का नाही?

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या क्गारी बेटावर कुटुंबं किनाऱ्यावरून गाडी चालवत मासेमारीला जातात, हे खरं आहे. पण त्यासाठी परवाना लागतो. भरतीच्या आधीचे आणि नंतरचे दोन-दोन तास टाळायला सांगितलं जातं आणि टायरमधली हवा कमी केली जाते. रीलमध्ये यातलं काहीच दिसत नाही. शिवाय ती मोकळी वाळू आहे, गाळाचं मुख नाही.

मग करायचं काय?

गाडी रस्त्यावरच लावा आणि गळ घेऊन चालत जा. निघण्याआधी त्या दिवसाची भरतीची वेळ बघा. ती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून कालची वेळ आज चालत नाही. कुठे पाय ठेवू नये, हे स्थानिक मच्छीमारांना विचारा. मुलं आणि किनारा यांच्यामध्ये पाण्याची वाट तयार होत नाही ना, याकडे लक्ष ठेवा.

कुणाची गाडी रुतलीच, तर आधी सगळ्यांना खाली उतरवून कोरड्या जागी पाठवा. चाकं फिरवत बसू नका, मदत बोलवा. पाणी जवळ आलं, तर गाडी तिथेच सोडा.