बँकेला आम्ही ओळखत नाही



संक्रांतीला माझ्या जुन्या भागीदाराचा मुलगा तिळगूळ घेऊन आला होता. माधापूरला नोकरी करतो, आता ती सोडून दोन मित्रांबरोबर स्वतःचा धंदा काढतोय. बोलता बोलता म्हणाला, "काका, आम्ही नफ्यातले दहा टक्के अन्नदानाला द्यायचं ठरवलंय. तुम्ही तर दर रविवारी चर्चला जाणारे. तुम्ही आणि बाबा कारखाना चालवायचात तेव्हा किती टक्के काढायचात?"

त्या दिवशी त्याला नीट उत्तर देता आलं नाही. आज देतो, आणि सगळ्यांसमोरच देतो. माझं मत असं आहे की धंद्यात धर्म आणायचा असेल तर तो नफा व्हायच्या आधी आणावा लागतो. नफा झाल्यावर काढलेली टक्केवारी चांगलीच, पण ती सोपी बाजू. हे मला एका चुकीतून कळलं.

आधी मी कोण ते सांगतो. माझं आडनाव ऐकून इथं हैदराबादेत सगळे मला गोव्याचा समजतात. मी वसईचा, नंदाखालकडचा. घरात मराठी, मिस्सा मराठीत, भांडणंही मराठीत. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाला फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष झाले, तेव्हा कुठं आपल्या काचीगुड्यातल्या मंडळींना पटलं की मराठी कॅथॉलिक म्हणून काही असतं!

आमच्याकडे केळी, विड्याची पानं, भाजी यांच्या वाड्या. आजोबा सांगायचे, पीक हाती यायच्या आधीच सावकाराची उचल घेतलेली असायची. वर्षभर राबायचं आणि शेवटी हिशेब त्याच्या वहीत. मॉन्सिनियर पी. जे. मोनिस या धर्मगुरूंनी हे बघितलं आणि १९१८ साली वसईत कॅथॉलिक सहकारी बँक सुरू केली. बसीन कॅथॉलिक बँक ती हीच. पापडीला तिचं मुख्य कार्यालय आहे. लहानपणी मला वाटायचं, फादरांचं काम प्रार्थनेचं, त्यांना बँकेशी काय करायचंय? वडील म्हणायचे, "ज्याचं घर गहाण आहे त्याचं प्रार्थनेत लक्ष लागत नाही."

पुढं वाचनात आलं की यामागे जुनी परंपरा आहे. चर्चनं शतकानुशतकं व्याज घेणं हेच पाप मानलं होतं. तरी १४६२ साली इटलीतल्या पेरुजियात फ्रान्सिस्कन साधूंनी गरिबांसाठी गहाणपेढी काढली, थोडक्या आकारणीवर. त्यावर मोठा वाद झाला आणि १५१५ साली चर्चच्या परिषदेनं त्या पेढ्यांना मान्यता दिली. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या प्रश्नावर पत्र काढलं. त्यातलं एक म्हणणं मला फार मोलाचं वाटतं. गरजेपोटी कामगार कमी मजुरीला हो म्हणाला, म्हणून ती मजुरी न्याय्य ठरत नाही. दोघांची सही आहे एवढ्यानं भागत नाही.

हे सगळं मला पाठ होतं. आणि तरीही चूक केलीच.

१९८४ साली मी नोकरीसाठी हैदराबादला आलो. दहा वर्षांनी काचीगुड्यातल्या एका मित्राबरोबर जीडीमेटलाला खोके बनवायचा छोटा कारखाना टाकला. तो वारकरी घरातला, मी कॅथॉलिक. ऑफिसात एका भिंतीवर विठोबा, दुसऱ्या भिंतीवर येशूचं पवित्र हृदय. चौदा कामगार होते. १९९९ च्या शेवटी मीच कल्पना काढली की प्रत्येकाच्या पगारातून महिन्याला दीडशे रुपये बाजूला ठेवायचे आणि लेकीच्या लग्नाला किंवा घराच्या पत्र्यांना लागले की व्याजासकट द्यायचे. सगळे खूश. ते पैसे मी शहरातल्या एका नागरी बँकेत टाकले, फर्मच्याच नावानं. तिथं दुसरीकडपेक्षा दोन टक्के जास्त मिळत होते. हे दोन टक्के येतात कुठून, हे मी एकदाही विचारलं नाही.

२००२ साली ती बँक बंद पडली. त्या दोन-तीन वर्षांत आपल्या शहरात काय काय झालं ते जुन्या मंडळींना आठवत असेल. शटर अर्धं खाली, बाहेर पेन्शनर लोकांची रांग. आमचे कामगारांचे ६७,२०० रुपये त्यात होते आणि फर्मचे वेगळे एक लाख नव्वद हजार.

तेव्हा ठेवींना एक लाखापर्यंत विमा होता. पण तो ठेवीदारामागे एक लाख असतो. सगळं फर्मच्या नावावर, म्हणजे ठेवीदार एकच. चौदा जणांची चौदा खाती उघडून दिली असती तर प्रत्येकाचा पैसा न् पैसा विम्यात बसला असता. एका दुपारचं काम होतं. कागदपत्रांचा कंटाळा केला मी. (आता ही मर्यादा पाच लाख आहे, २०२० पासून. पण नियम तोच आहे. सोसायटीची भिशी, महिला मंडळाची पुंजी ज्यांच्याकडे आहे त्यांनी खातं कुणाच्या नावावर आहे ते आजच बघा.)

मी भागीदाराला म्हणालो, "थांबू या. बँक बुडाली, आपण काय करणार? वकिलाला विचारू, हे आपलं देणं होतं का ते." लाज वाटते लिहायला, पण हे मी म्हणालो. त्याच महिन्यात चर्चच्या सणाला मी मंडपाचा खर्च दिला होता आणि फलकावर फर्मचं नावही लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी खोक्यांना पिना मारणारी एक बाई ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली. महबूबनगरकडची, वयानं माझ्यापेक्षा मोठी. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाली, "सार, पैसे तुमकू दिये ना हम? बँक कू हम नहीं जानते."

बायबलमध्ये याकोबाच्या पत्रात आहे की अडकवून ठेवलेली मजुरी स्वतःच आक्रोश करते आणि तो आक्रोश देवाच्या कानी जातो. मी हे कितीदा ऐकलं होतं. इथं आक्रोशसुद्धा नव्हता. साधा प्रश्न होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

संध्याकाळी भागीदार म्हणाला, "अरे, तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडून दिली. लोकांनी त्यांना द्यायचे होते ते पैसे! आपण तर लोकांचे घेतलेत. वकील कशाला?" मग माझी स्कूटर विकली, बायकोनं न सांगता पाटल्या काढून दिल्या, त्यानं सासऱ्यांकडून काही उसने आणले. दसऱ्याच्या आधी चौदाही जणांचे पैसे व्याजासकट दिले. दुसऱ्या बँकेच्या दराने, त्या दोन टक्क्यांशिवाय. फर्मला विम्याचे एक लाख पुढं काही वर्षांनी मिळाले. बाकीचे गेले.

म्हणून, बाळा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आम्ही टक्के काढायचो, पण ते मोजू नकोस. तीन गोष्टी विचार. माझ्याकडे असलेले हे पैसे खरे कुणाचे? ज्याचे आहेत त्याला ते वेळेवर मिळतात का? आणि मला जास्त मिळतंय ते कुणाच्या खिशातून येतंय? पुरवठादाराला नव्वद दिवस लटकवून त्या पैशांवर व्याज खायचं आणि शनिवारी अन्नदान करायचं, याला मी दान म्हणणार नाही.

आपल्याच शहराचं उदाहरण आहे. ७ जानेवारी २००९ ला सत्यमच्या अध्यक्षांनी स्वतः पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदातले आकडे फुगवलेले होते. कंपनीचं नाव सत्यम! आणि त्याच कुटुंबानं २००५ साली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा इथंच सुरू केली होती, तिनं कितीतरी जीव वाचवले. दान खरं होतं आणि ताळेबंद खोटा होता. एकानं दुसरं धुऊन निघालं नाही.

गुंतवणुकीतही हेच. २०२२ साली व्हॅटिकनच्या अकादमीनं कॅथॉलिकांनी पैसे कुठं गुंतवावेत, कुठं टाळावेत यावर मार्गदर्शन काढलं. चांगलं आहे. मी दारू, तंबाखूचे शेअर घेत नाही. पण निफ्टीचा इंडेक्स फंड घेतला की सिगारेटवाली आयटीसी त्यात आलीच, तेव्हा फार सोवळेपणा मिरवण्यात अर्थ नाही. आणि माझ्या चर्चबद्दल लपवत नाही. लंडनमधल्या एका इमारतीतल्या गुंतवणुकीच्या प्रकरणात डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅटिकनच्याच न्यायालयानं एका कार्डिनलना दोषी ठरवलं. त्यावर अपील झालं, ते असो. झगा घातला म्हणून हिशेब तपासायचा नाही, असं नसतं.

काही जण म्हणतील, धर्म धंद्यात आणूच नये, त्यातून आपला-परका सुरू होतं. ही भीती खोटी नाही. "आपला माणूस आहे" म्हणून न वाचता सही केलेले कागद आपल्या प्रत्येकाच्या घरात सापडतील. मी ज्या बँकेत पैसे ठेवले तिथंही ओळखीचा मॅनेजर होता. माझं म्हणणं एवढंच, धर्म पाटीवर नको, नोकरी देताना नको, गिऱ्हाईक निवडताना नको. तो माझ्या वहीत हवा. तिथं तो दुसऱ्या कुणालाच त्रास देत नाही, फक्त मला देतो.

भागीदार जाऊन सहा वर्षं झाली. त्याचा विठोबा आता माझ्या घरी आहे, कारखाना विकला तेव्हा वहिनींनी दिला. त्या बाईंनी परत मिळालेल्या पैशातून पत्रे घातले, आम्हाला बघायला बोलावलं होतं. गेलो होतो दोघं. चहा घेतला. ती काही बोलली नाही, आम्हीही नाही.

मुलाला हे पाठवतोय. अन्नदान जरूर कर रे. आधी पगार कर.