आकाश दिल्लीचं, गर्दी ठाण्याची

गणेश मंडळाला मांडव घालायचा तर महापालिकेचा परवाना लागतो, ध्वनिक्षेपकाला पोलिसांचा, वीज हवी तर तात्पुरता मीटर. मोठ्या शहरांत या सगळ्यासाठी 'एक खिडकी' आहे. ती कधी उघडते आणि कधी अर्धीच उघडते, यावर पुन्हा कधीतरी. मिरवणुकीवर घिरट्या घालणाऱ्या ड्रोनसाठी मात्र बहुतेक गावांत खिडकीच नाही. परवानगी कुठंच लागत नाही असं नव्हे. ती कोणाकडं मागायची, हे कोणी धड सांगत नाही.

मग मंडळाचा अध्यक्ष लेटरहेड काढतो. 'विषय : मिरवणुकीचे ड्रोनद्वारे चित्रीकरण करणेस परवानगी मिळणेबाबत.' अर्ज पोलीस ठाण्यात जातो, आवक बारनिशीत नोंद होते, दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का बसतो. ती प्रत घडी घालून ड्रोनवाल्याच्या बॅगेत पडते आणि विसर्जनाच्या रात्री कोणी हटकलं की परवानगी म्हणून तीच पुढं केली जाते. शिक्का असतो फक्त पोच दिल्याचा. होकार नाही, नकारही नाही. हे दोघांच्याही सोयीचं आहे. मंडळाला कागद मिळतो आणि साहेबांची सही कुठंच नसते. उद्या काही पडलंच, तर 'आम्ही परवानगी दिलीच नव्हती' म्हणायला ठाणं मोकळं.

ही पोकळी आली कुठून? २०१८च्या नियमावलीत २५० ग्रॅमपासून दोन किलोपर्यंतचा ड्रोन कमी उंचीवर उडवतानाही २४ तास आधी स्थानिक पोलिसांना कळवायची अट होती. ऑगस्ट २०२१मध्ये नवे ड्रोन नियम आले. परवान्यांचं जंगल छाटलं गेलं, ते बरंच झालं. देशाचा नकाशा हिरवा, पिवळा आणि लाल अशा तीन रंगांत रंगला. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत आधी कोणाला विचारायला नको, पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाला विचारायचं, लाल भागाचा निर्णय थेट केंद्राचा. २५० ग्रॅमपर्यंतच्या 'नॅनो' ड्रोनला ना पायलटचं प्रमाणपत्र लागतं, ना त्रयस्थ पक्षाचा विमा. लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्या अनेक फोटोग्राफरांकडं हीच चिमुकली यंत्रं असतात. (मोठी बॅटरी घातली की वजन २५०च्या पुढं जातं, हे त्यांना पाठ असतं. पण मिरवणुकीत तराजू कोण आणतो?) या छाटणीत पोलिसांना कळवायची ती साधी अटही गेली. दिल्लीच्या नकाशावर गल्ली हिरवी दिसते. त्या गल्लीत आज रात्री दहा हजार माणसं असणार आहेत, हे नकाशाला कळायची सोय नाही.

ठाण्याला ते माहीत असतं. पण त्याच्या हाताशी जे हत्यार नेहमी असतं, ते बोथट आहे. पूर्वी १४४ कलम होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १६३. मुंबई पोलीस या कलमाखाली ड्रोन, पॅराग्लायडर, मायक्रोलाइट अशा सगळ्यांवर एकगठ्ठा बंदी घालतात, मुदत संपली की पुन्हा नवा आदेश निघतो. मुंबईच्या बाबतीत त्यामागची भीती खोटी नाही, हल्ले या शहरानं सोसले आहेत. पण महिनोन्‌महिने लागू असलेली बंदी कोणी पाळत नाही आणि मोडणाऱ्यांतला एखादाच पकडला जातो. विशेष म्हणजे २०२१च्या नियमांतच याहून धारदार हत्यार आहे. पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला ठरावीक जागा जास्तीत जास्त ९६ तास 'तात्पुरता लाल विभाग' म्हणून जाहीर करता येते. ती डिजिटल नकाशावर दाखवावी लागते आणि विभाग वाजवीपेक्षा मोठा होऊ नये, असंही नियम सांगतो. जत्रेला नाहीतर विसर्जनाला याहून नेमकं काय हवं? अख्खा जिल्हा महिनाभर बंद करण्यापेक्षा चार रस्ते आणि एक घाट दोन दिवस लाल करा.

ड्रोनवाल्यांची कड घेऊन मी हे लिहीत नाही. विसर्जनाच्या गल्लीत त्यांचं काय चालतं ते जवळून बघावं. ड्रोन उडतो तो गाडीच्या बॉनेटवरून, शेजारी स्पीकरची भिंत. स्पीकरमधल्या लोहचुंबकानं यंत्राचं होकायंत्र भरकटू शकतं. वर वायरी, पताका, लेझरचे झोत, कागदांचा भुगा उडवणाऱ्या तोफा. बॅटरी उतरली की यंत्र आपसूक परत निघतं ते उडालं त्या जागी, आणि पंधरा मिनिटांपूर्वी मोकळी असलेली ती जागा आता ढोलपथकानं भरलेली असते. मग ड्रोनवाला माणसांच्या डोक्यावर हात उंचावून यंत्र हातातच झेलतो. फिरत्या पात्यांसकट. दरवर्षी निभावतं, म्हणून कोणी बोलत नाही.

आणि परवाना हातात असला म्हणजे निभावतंच असंही नाही. डिसेंबर २०२४मध्ये अमेरिकेत ऑर्लँडोच्या लेक इओलावर नाताळचा ड्रोन शो होता. तिथल्या केंद्रीय हवाई यंत्रणेची रीतसर मंजुरी होती. तरी ड्रोन कोसळले आणि सात वर्षांचा एक मुलगा गंभीर जखमी झाला. शोची मांडणी ठरल्या जागेवरून सरकली आणि प्रेक्षकांपासूनचं सुरक्षित अंतर घटलं, असं प्राथमिक तपासात दिसलं. हे अंतर मंजुरीच्या कागदावर बरोबर असून भागत नाही, कार्यक्रमाच्या संध्याकाळी जमिनीवर उभं राहून कोणीतरी ते बघावं लागतं.

गर्दी कशाला म्हणायचं याचं युरोपीय संघानं दिलेलं उत्तर मला पटतं. डोकी मोजायची नाहीत. माणसं इतकी दाटलेली आहेत का, की त्यांना बाजूला सरकता येणार नाही? तसं असेल तर साध्या वर्गातला ड्रोन त्यांच्यावरून न्यायचाच नाही, मग तो कितीही हलका असो. दहीहंडीच्या थराखाली उभ्या असलेल्या माणसाला हा नियम समजावून सांगावा लागणार नाही.

म्हणून ड्रोनचा अर्ज मांडवाच्याच खिडकीत घ्यावा. त्यात मागायचं ते मोजकंच: उडवण्या-उतरवण्याची दोरी बांधलेली मोकळी जागा, वेळ, उडवणाऱ्याचं नाव आणि मोबाइल, यंत्राचं वजन, आणि 'उतरवा' म्हटलं की उतरवायला लावणारा मंडळाचा एक जबाबदार माणूस. त्रयस्थ पक्षाचा विमा गर्दीच्या कार्यक्रमात नॅनोलाही सक्तीचा करावा, माझं मत तसं ठाम आहे. उत्तर ठरल्या दिवशी लेखी द्यावं, नकार असला तर कारणासकट. हिरव्या भागात आकाशाची परवानगी ठाण्यानं द्यायची नाहीच, तो त्याचा अधिकारही नाही. त्यानं बोलायचं ते खालच्या माणसांबद्दल.

याचा पोलिसांना आणखी एक फायदा आहे. २०२४च्या पावसाळ्यात पुणे, नगर आणि मराठवाड्यातल्या गावांवर रात्री ड्रोन दिसल्याच्या बातम्या आल्या. चोर टेहळणी करताहेत, अशी अफवा पसरली, लोक काठ्या घेऊन जागले. आज कोणाचा ड्रोन कुठं उडणार, हे ठाण्याच्या वहीत असतं तर ठाण्यात येणाऱ्या निदान अर्ध्या फोनना तिथल्या तिथं उत्तर देता आलं असतं.

आता तर पोलिसांचे स्वतःचे ड्रोनही गर्दीवर नजर ठेवायला वर असतात. एकाच चौकावर पोलिसांचा एक, मंडळांचे चार, एखाद्या यूट्यूबवाल्याचा एक, आणि कोण किती उंचीवर आहे ते कोणालाच ठाऊक नाही. यंदाच्या शांतता समितीच्या बैठकीत डीजेच्या आवाजावर नेहमीप्रमाणे तासभर खडाजंगी होईलच. त्यातली दहा मिनिटं यासाठी काढावीत आणि उंचीची वाटणी तरी तिथंच करून टाकावी.