लाइक्स गेले उडत, रॉ फाइल दाखवा!

पावसाची पहिली सर आली रे आली, की प्रत्येक ऑफिसात एक तरी फोटोग्राफर उगवतो. एरवी सोमवार ते शुक्रवार एक्सेल शीटमध्ये मान खुपसून बसणारा हा प्राणी शनिवारी पहाटे चारला उठतो, हप्त्यांवर घेतलेला कॅमेरा सॅकमध्ये कोंबतो आणि माळशेज नाहीतर हरिश्चंद्रगडाच्या वाटेला लागतो. रविवारी रात्री ग्रुपवर फोटो पडतात. ‘भन्नाट!’, ‘काय फ्रेम आहे बॉस!’, ‘अरे, कुठल्या तरी कॉम्पिटिशनला पाठव ना!’ झालं! त्या शेवटच्या वाक्याचा किडा डोक्यात शिरतो. एक फॉर्म, थोडी फी, पाच फोटो अपलोड. आता फक्त बक्षिसाची वाट बघायची.

थांबा मंडळी! किडा चांगलाय, मारून टाकू नका. पण ‘सबमिट’वर क्लिक करण्याआधी या स्पर्धांचा फंडा समजून घ्या. आपल्याला वाटतं, सगळ्यात सुंदर फोटो जिंकतो. सुंदर तर हवाच. पण मोठ्या स्पर्धांमध्ये त्यापुढे दोन प्रश्न उभे असतात. फोटोत दिसतंय ते खरंच घडलं का? आणि तो काढताना तिथल्या कुणाला त्रास तर झाला नाही ना? या दोन प्रश्नांवर भले भले आपटलेत.

या क्षेत्रातलं सगळ्यात वजनदार नाव म्हणजे लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’. १९६५ मध्ये एका मासिकाची स्पर्धा म्हणून सुरू झाली, तेव्हा काहीशे फोटो आले होते. २०२४ मध्ये ११७ देशांमधून आले ५९,२२८! हौशी असोत की प्रोफेशनल, सगळे एकाच रांगेत. अशा स्पर्धेत २००९ चा सर्वोच्च मान मिळाला रात्रीच्या अंधारात फाटकावरून झेप घेणाऱ्या एका लांडग्याच्या फोटोला. फोटो एकदम गोष्टीच्या पुस्तकातला. पण लोकांनी विचारलं, रानातला लांडगा फाटकाच्या गजांमधून शिरायचं सोडून उडी कशाला मारेल? चौकशी झाली आणि जानेवारी २०१० मध्ये परीक्षकांनी निष्कर्ष काढला, की हा बहुधा माद्रिदजवळच्या एका प्राणिउद्यानातला माणसाळलेला लांडगा असावा. फोटोग्राफरनं आरोप नाकारला, पण दहा हजार पौंडांचं बक्षीस गेलं.

पुढचा किस्सा तर याहून सॉलिड. २०१७ च्या स्पर्धेत ब्राझीलमधला एक फोटो गटविजेता ठरला. रात्रीचं आकाश, चमचमणारं वारूळ आणि त्याच्या पायथ्याशी मुंग्या खाणारा जायंट अँटइटर. काही महिन्यांनी कुणीतरी कळवलं, की हा प्राणी त्याच नॅशनल पार्कच्या पर्यटक केंद्रात ठेवलेल्या, पेंढा भरलेल्या अँटइटरसारखा दिसतोय! तज्ज्ञांनी अंगावरचे पट्टे, केसांची झुबकी, उभं राहण्याची ढब, सगळं ताडून पाहिलं. जुळलं! फोटोग्राफरनं इन्कार केला आणि ‘आधीच्या’ व ‘नंतरच्या’ रॉ फाइल्स दिल्या. पण एकीतही अँटइटर नव्हता. एप्रिल २०१८ मध्ये बक्षीस रद्द.

‘आपण बुवा प्राण्यांच्या वाटेला जात नाही, आपलं डोंगर-ढग-तळं बरं,’ असं म्हणताय? लँडस्केपवाल्यांनाही सुटका नाही. ब्रिटनच्या ‘लँडस्केप फोटोग्राफर ऑफ द इयर’मध्ये २०१२ साली लिंडिसफार्नच्या किनाऱ्यावरच्या जुन्या होड्यांचा एक देखणा ब्लॅक अँड व्हाइट फोटो पहिला आला. नंतर कळलं, की कॉम्प्युटरवर त्यात नियमांपलीकडची कारागिरी झालीय, ढगसुद्धा बाहेरचे! फोटोग्राफरनं मान्य केलं, की नियम नीट वाचले नव्हते. मग पहिलं बक्षीस कुणाला गेलं? ग्लासगोतल्या, पाडायला निघालेल्या रहिवासी टॉवर्सच्या फोटोला. म्हणजे उद्या तुमच्या खिडकीतून दिसणाऱ्या जुन्या चाळीही लँडस्केप म्हणून जिंकू शकतात, बोला!

एडिटिंग म्हणजे पापच, असं मात्र समजू नका. उजेड कमी-जास्त करणं, थोडं क्रॉप करणं बहुतेक ठिकाणी चालतं. अनेक एक्स्पोजर जोडून केलेला फोटोही काही स्पर्धांमध्ये चालतो, फक्त तसं सांगावं लागतं. नसलेलं आणणं आणि असलेलं पुसणं, गाडी इथे अडते. म्हणून शेवटच्या फेरीत आयोजक रॉ फाइल मागतात. रॉ म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरनं पकडलेला कच्चा माल, जुन्या निगेटिव्हचा आजचा अवतार. तेव्हा कॅमेरा असो की मोबाइल, रॉची सोय असेल तर ती आत्ताच ऑन करा. आणि कार्ड भरलं म्हणून मूळ फाइल्स डिलीट मारू नका.

आता तर एआय आलंय. घरबसल्या चार शब्द टाइप करा आणि कोकणकड्यावर इंद्रधनुष्य उगवा. गंमत बघा, जून २०२४ मध्ये माइल्स ॲस्ट्रे नावाच्या फोटोग्राफरनं एका स्पर्धेच्या एआय विभागात चक्क खराखुरा फोटो घुसवला. पोट खाजवायला मान खाली घातलेला आणि त्यामुळे बिनडोक्याचा दिसणारा फ्लेमिंगो! परीक्षकांनी त्याला तिसरा नंबर दिला, लोकांनीही मतं दिली. त्यानं खरं सांगितल्यावर अर्थातच बाद. पण त्याला सांगायचं होतं ते सांगून झालं, निसर्ग आजही मशीनपेक्षा अतरंगी आहे.

हा सगळा खऱ्या-खोट्याचा काथ्याकूट कशासाठी, तर एका फोटोसाठी. सँक्चुअरी मासिकाच्या वाइल्डलाइफ फोटोग्राफी अवॉर्ड्समध्ये २०१७ साली बिप्लब हाजरा यांचा पश्चिम बंगालमधल्या बांकुऱ्याचा फोटो पहिला आला. जमावानं पेटते गोळे फेकलेत आणि जिवाच्या आकांतानं पळतायत एक हत्तीण आणि तिचं पिल्लू. त्याला सुंदर म्हणायला जीभ रेटत नाही. पण तो जगभर गेला, लोक हादरले, कारण बघणाऱ्याला ठाऊक होतं की हे घडलंय. उद्या प्रत्येक फोटोवर ‘एआय असेल यार’ म्हणून आपण बोटानं पुढे सरकायला लागलो, तर त्या पिल्लाची साक्ष कोण देणार? आपण गंमत म्हणून दुसऱ्याचे ढग चिकटवतो, तेव्हा थोडीशी खोट याच विश्वासाला लागते.

आता गुड न्यूज. जिंकायला केनियाचं तिकीट लागत नाही. २०१६ मध्ये लंडनच्या त्याच स्पर्धेत शहरी विभाग जिंकला आपल्या मुंबईच्या नयन खानोलकर यांनी. विषय? आरे कॉलनीतल्या गल्लीतून रात्री निवांत चाललेला बिबट्या. त्यासाठी त्यांनी काही महिने कॅमेरा ट्रॅप लावून वाट पाहिली. २०२० मध्ये पनवेलच्या ऐश्वर्या श्रीधर यांचा भंडारदऱ्याजवळच्या काजव्यांनी उजळलेल्या झाडाचा फोटो तिथे वाखाणला गेला. आणि २०२४ चा एकूण विजेता फोटो कशाचा होता माहितीय? कॅनडातल्या तळ्यात पोहणाऱ्या, बेडकांच्या शेपटीवाल्या पिल्लांचा! म्हणजे वाघ न दिसल्याचं दुःख आता तरी सोडा.

पण काजव्यांचं नाव निघालंच आहे, तर दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. काजवा लुकलुकतो तो जोडीदाराला बोलावण्यासाठी. आपण ‘जरा फोरग्राउंड उजळू’ म्हणून टॉर्च मारला, की त्यांचा निरोप पोचायचाच नाही. पक्ष्याच्या घरट्यासमोरची फांदी ‘फ्रेममध्ये येतेय’ म्हणून तोडली, की पिल्लं उन्हाला आणि कावळ्यांना उघडी पडतात. कासच्या पठारावर एका क्लोजअपसाठी आडवं झालं, की पोटाखाली शंभर फुलं चिरडतात. म्हणून कित्येक स्पर्धा आता घरट्यांचे फोटो घेतच नाहीत आणि आमिष दाखवून काढलेले फोटो बाद करतात. एखादा दुर्मीळ पक्षी दिसला तर नेमकं लोकेशन पोस्ट करायचा मोह आवरा. पुढच्या रविवारी तिथे चाळीस लेन्स उभ्या राहतात.

आणि शेवटी आपल्या खिशाचं. माझ्या एका मित्राचा वरंधा घाटाचा फोटो एका छोट्या स्पर्धेत पहिल्या शंभरातही आला नाही. सहा महिन्यांनी तो एका गृहप्रकल्पाच्या ब्रोशरवर झळकला! फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, की आलेले सगळे फोटो आयोजक कायमचे, कुठेही, विनामोबदला वापरू शकतात. त्यानं टिक केलं होतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार आपण स्वतःसाठी काढलेल्या फोटोचे पहिले मालक आपणच असतो आणि आपल्या हयातीत आणि त्यानंतरही ६० वर्षं तो हक्क टिकतो. चांगले आयोजक फक्त स्पर्धेपुरती, प्रदर्शनापुरती परवानगी मागतात, श्रेय देतात. ‘सर्व हक्क आयोजकांकडे’ असं दिसलं, की समजायचं, ही स्पर्धा नाही, फुकटातली फोटोखरेदी आहे. अप्रेझलचा फॉर्म आपण तीनतीनदा वाचतो, हा एकदा वाचायला काय हरकत आहे?

तर मंडळी, या शनिवारी निघाच. लांब कशाला, घरामागचं तळं, ऑफिसमागची टेकडी किंवा ठाण्याची खाडीसुद्धा चालेल. बॅटरी फुल्ल, रॉ मोड ऑन, टॉर्च बॅगेत. काही हलवू नका, तोडू नका, बोलावू नका. नुसते बसा. समोर काही घडलं तर ते तुमचं. नाही घडलं तर सोमवारी ऑफिसात सांगायला किस्सा आहेच, आणि चहा तुमच्याकडून!