चूल एक, मते दोन

अमेरिकेत मुलाबाळांकडे चार-सहा महिने राहून परत आलेली आपली मंडळी जी अमेरिका सांगतात, ती खोटी नसते. पण ती उपनगरातली असते. रुंद रस्ते, दोन गाड्यांची गॅरेजे, शनिवार-रविवारी देवळात नाहीतर महाराष्ट्र मंडळात भेटणारी आपलीच माणसे. २०२३ च्या उन्हाळ्यात मी ओहायो राज्यात मुलाकडे राहिलो, तेव्हा पहिला महिनाभर मलाही हीच अमेरिका दिसली. एके दिवशी आम्ही क्लीव्हलंडहून पिट्सबर्गच्या व्यंकटेश्वर मंदिराला निघालो. वाटेत यंग्सटाऊनची पाटी दिसली आणि मी मुलाला गाडी आत घ्यायला सांगितली. "बाबा, तिथं बघण्यासारखं काही नाही," तो म्हणाला. त्याचे एका अर्थी खरेच होते. जे होते ते गेले, म्हणूनच मला ते गाव बघायचे होते.

माहोनिंग नदीकाठचे हे गाव एकेकाळी अमेरिकेच्या पोलाद उद्योगाचे मोठे ठाणे होते. १९३० साली त्याची लोकसंख्या १ लाख ७० हजार होती; २०२० च्या जनगणनेत ती ६० हजारांवर आली. १९ सप्टेंबर १९७७ हा तिथला 'काळा सोमवार'. त्या दिवशी यंग्सटाऊन शीट अँड ट्यूब कंपनीने आपला कँपबेल येथील कारखाना बंद करत असल्याचे जाहीर केले आणि सुमारे पाच हजार लोकांची नोकरी गेली. १९६९ साली ही कंपनी न्यू ऑर्लिन्सच्या एका जहाज कंपनीच्या ताब्यात गेली होती. म्हणजे गावाचे भवितव्य ठरवणारे लोक गावात राहत नव्हते. मग एकामागून एक इतर कारखान्यांच्या भट्ट्याही विझल्या.

मला हे सारे जवळचे वाटायला कारण आहे. माझे बालपण लालबागच्या चाळीत गेले. गिरणीच्या भोंग्यावर आमच्या घराचे घड्याळ लागायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि अडीच लाख कामगारांच्या घरांतले ते घड्याळ थांबले. वडिलांना पुन्हा गिरणीत जाता आले नाही. म्हणून जगात कुठेही बंद कारखान्याचे गाव दिसले की माझे पाय थबकतात.

यंग्सटाऊनमध्ये पोलाद कामगारांच्या जीवनाचे एक संग्रहालय आहे. तिथे मला पंचाहत्तरीचे एक गृहस्थ भेटले. काळ्या सोमवारी ते एकोणतीस वर्षांचे होते. त्यांना दोन मुलगे. थोरला इस्पितळात साधे काम करतो. धाकटा जवळच्या लॉर्ड्सटाऊनमधील जनरल मोटर्सच्या कारखान्यात होता. १९६६ पासून चाललेला तो कारखाना मार्च २०१९ मध्ये बंद पडला. धाकट्याला दुसऱ्या राज्यात काम मिळाले. पण घर विकले जाईना आणि बायकोची आई आजारी, म्हणून तो एकटाच गेला. थोरल्याच्या अंगणात एका पक्षाची पाटी, धाकट्याच्या अंगणात दुसऱ्या पक्षाची. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला सारे घर एका टेबलाशी बसते. तिथे २०१६ पासून दोघे भाऊ एकत्र बसलेले नाहीत. "दोघांच्याही डोक्यावर कर्ज आहे," म्हातारा म्हणाला, "पण ते एकमेकांनाच सावकार समजतात."

परतीच्या वाटेवर हे वाक्य माझ्या मनातून जाईना. संकटात माणसे एकत्र येतात असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मग एकाच बापाच्या, एकाच संकटात सापडलेल्या या दोन मुलांना कोणी तोडले?

पहिली गोष्ट ही, की ही माणसे आधी एकत्रच आली होती. १९७७ नंतर यंग्सटाऊनमध्ये कॅथलिक, प्रोटेस्टंट आणि ज्यू धर्मगुरूंनी मिळून आघाडी केली. बंद कारखाना कामगारांनी आणि गावाने विकत घेऊन चालवावा अशी योजना आखली. लोकांनी बँकांत खाती उघडून त्यासाठी पैसे ठेवले. माझ्या म्हाताऱ्यानेही ठेवले होते. केंद्र सरकारने कर्जाला हमी द्यावी एवढेच मागणे होते. १९७९ साली कार्टर यांच्या डेमोक्रॅटिक सरकारने ती नाकारली. पुढे यू. एस. स्टीलने आपला कारखाना बंद करायचे ठरवले तेव्हा कामगार न्यायालयात गेले. इतकी वर्षे ज्या गावाच्या जिवावर कंपनी उभी राहिली, त्या गावाचा कारखान्यावर काहीच हक्क नाही काय, असा त्यांचा प्रश्न होता. १९८० साली अपील न्यायालयाने सांगितले, की असा हक्क कायद्यात नाही. धोरण ठरवायचे तर ते विधिमंडळाने ठरवावे. विधिमंडळाने १९८८ मध्ये कायदा केला तो एवढाच, की मोठ्या मालकाने कारखाना बंद करण्याआधी साठ दिवसांची नोटीस द्यावी.

पुढची कथाही एकाच पक्षाच्या माथी मारता येत नाही. मेक्सिको आणि कॅनडाशी खुल्या व्यापाराच्या 'नाफ्टा' कराराची बोलणी रिपब्लिकन बुश यांनी केली, तो मंजूर करून घेतला डेमोक्रॅट क्लिंटन यांनी. १९९३ साली प्रतिनिधीगृहात त्याच्या बाजूने १३२ रिपब्लिकन आणि १०२ डेमोक्रॅट उभे राहिले. २००१ च्या डिसेंबरात चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. १९७९ साली अमेरिकेत कारखान्यांतल्या नोकऱ्या सुमारे १ कोटी ९५ लाख होत्या. २०१० च्या सुरुवातीला त्या १ कोटी १५ लाखांच्या आसपास उरल्या. सारे काही व्यापारामुळे झाले असे नाही, यंत्रांनीही माणसांची जागा घेतली. पण ज्याची नोकरी गेली त्याला एवढेच दिसले, की दोन्ही पक्षांचे पुढारी आपल्याला प्रगतीचा धडा शिकवत होते आणि फी मात्र आपणच भरत होतो.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. नोकरीबरोबर युनियनचे ऑफिस गेले. १९८३ साली अमेरिकेतले २०.१ टक्के नोकरदार युनियनचे सभासद होते. २०२४ मध्ये ते ९.९ टक्के उरले. युनियन केवळ पगारवाढ मागत नसे. पगार का वाढला नाही, हे चार माणसांत बसून समजावून घ्यायची ती जागा होती. त्या जागेचे मी सोवळे वर्णन करणार नाही. पोलाद कारखान्यांत काळ्या कामगारांच्या वाट्याला सर्वांत तापलेली, धोक्याची आणि बढती नसलेली कामे येत आणि युनियनमधले गोरे कामगार त्याकडे काणाडोळा करत. सरकारने खटला भरल्यावर १९७४ साली कंपन्यांनी आणि युनियनने हा भेद मोडण्याचे कबूल केले. काळ्या कामगाराला वर चढायची शिडी मिळाली आणि तीनच वर्षांत यंग्सटाऊनमध्ये शिडी टेकवायची भिंतच पडली. एकमेकांवरचा जुना संशय पुरता मिटण्याआधीच तो मिटवायची जागा नाहीशी झाली.

आणि या कुटुंबांची आजची ओढाताण कशी आहे? अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२३ च्या पाहणीत सुमारे ३७ टक्के प्रौढांनी सांगितले, की अचानक ४०० डॉलरचा खर्च उद्भवला तर तो केवळ जवळच्या रोख पैशातून भागवता येणार नाही. केंद्र सरकारने ठरवलेले किमान वेतन २००९ साली तासाला सात डॉलर पंचवीस सेंट झाले आणि त्यानंतर दीड दशकाहून अधिक काळ तिथेच राहिले. त्यात तिकडची एक रीत आपल्याकडच्या वाचकाला चटकन कळत नाही. आरोग्य विमा बहुतेकांना मालकाकडून मिळतो. म्हणजे नोकरी गेली की पगार जातो आणि त्याच्या मागोमाग डॉक्टरही जातो. गरिबी तिथे फाटक्या कपड्यांनी ओळखता येत नाही. दारात गाडी उभी असते, पण तिचा हप्ता थकलेला असतो.

अशा घरासमोर राजकारण येते ते उत्तर घेऊन नव्हे, शत्रूचे नाव घेऊन. एक पक्ष सांगतो, तुझा घास मेक्सिकोतून आलेल्याने आणि चीनने हिरावला. दुसरा पक्ष सांगतो, नवे शिक्षण घे, जग बदलले आहे; आणि हे सांगताना त्याच्या आवाजात, शिकलेल्याने अडाण्याशी बोलावे तसा, एक नकोसा समजूतदारपणा असतो. जुलै २०१७ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यंग्सटाऊनच्या सभेत म्हणाले, की नोकऱ्या परत येत आहेत, घरे विकू नका. वीस महिन्यांत लॉर्ड्सटाऊनचा कारखाना बंद पडला. तरीही २०२० मध्ये माहोनिंग काउंटीने ट्रम्प यांनाच मते दिली. १९७२ नंतर प्रथमच तिने अध्यक्षपदासाठी रिपब्लिकन उमेदवार निवडला.

यावर शहरातला सुशिक्षित वर्ग म्हणतो, हे लोक स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतात. तिकडे स्थिरावलेल्या आपल्या मंडळींच्या बैठकीतही मी हे ऐकले. मला हे मान्य नाही. परदेशी माणसाविषयी, वेगळ्या रंगाच्या माणसाविषयी त्या मतांत मिसळलेला द्वेष मी नाकारत नाही; तो मला ऐकूही आला. पण या लोकांना आपले हित कळत नाही, हे म्हणणे आकड्यांवर टिकत नाही.

२०१६ साली ट्रम्प यांना अठरा टक्क्यांहून अधिक मताधिक्य देणाऱ्या मिसुरी राज्यात, ऑगस्ट २०१८ मध्ये युनियन दुबळ्या करणारा एक कायदा लोकांपुढे मतदानाला आला. तीनपैकी दोन मतदारांनी तो फेटाळला. नोव्हेंबर २०२० मध्ये फ्लोरिडाने ट्रम्प यांना विजयी केले आणि त्याच दिवशी तासाला पंधरा डॉलरपर्यंत किमान वेतन नेण्याच्या प्रस्तावाला सुमारे ६१ टक्के मते दिली. खुद्द ओहायोत २०११ साली सरकारी नोकरांच्या सामुदायिक वाटाघाटीचा हक्क कापणारा कायदा जवळजवळ तितक्याच मतांनी रद्द झाला. म्हणजे पक्षाचे नाव विचारले की घर दुभंगते आणि पगाराचे विचारले की तेच घर एका सुरात बोलते. दुफळी पोटात नाही. ती विचारल्या जाणाऱ्या प्रश्नात आहे.

या दुफळीची किंमत कोण मोजतो, तेही पाहा. करोनाच्या साथीत, २०२१ साली अमेरिकेने मुलांमागे मिळणारी कर-सवलत वाढवली. प्रत्येक मुलामागे वर्षाला तीन हजार, लहानग्यांसाठी ३६०० डॉलर आणि त्यातला काही भाग दरमहा थेट खात्यात. कर भरण्याइतकी मिळकत नसलेल्या घरांनाही ते पैसे मिळाले. शासकीय मदत जमेस धरून मोजलेले मुलांच्या गरिबीचे प्रमाण त्या वर्षी ५.२ टक्के इतके खाली आले. मग मुदत संपली. रिपब्लिकन सिनेटर एकही मत द्यायला तयार नव्हते आणि डेमोक्रॅट्सना आपले शेवटचे मत राखता आले नाही. २०२२ मध्ये तेच प्रमाण १२.४ टक्क्यांवर गेले. त्या वर्षी पुन्हा गरिबीत ढकलली गेलेली मुले निळ्या पाटीच्या घरातली होती आणि लाल पाटीच्याही. त्यांना मत नव्हते, पक्षही नव्हता.

आपल्याला हे नवे नाही. १९८४ साली गिरणगावाने दत्ता सामंतांना लोकसभेत पाठवले. १९८९ मध्ये त्याच मतदारसंघातून शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले. गिरण्यांच्या जमिनींचे काय होणार, हा प्रश्न तेव्हाही होता. पण आमच्या चाळीत रात्र रात्र वाद रंगायचा तो परप्रांतीयांचा. आमच्याच मजल्यावरचे दोन सख्खे शेजारी त्यापायी बोलेनासे झाले. दोघांच्या गिरण्या बंदच होत्या. आज तिथे टॉवर उभे आहेत आणि त्यांत दोघांपैकी कोणाचीच मुले राहत नाहीत.

म्हणून मला त्या म्हाताऱ्याच्या मुलांना दोष देववत नाही. ज्यांनी त्यांना एकत्र बसायची जागा परत दिली नाही, दोष त्यांचा. अशी जागा मिळाली तर काय होते, याचा दाखला त्यांच्याच अंगणात आहे. लॉर्ड्सटाऊनमध्ये २०२२ साली विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांचा नवा कारखाना सुरू झाला. ती ट्रम्बल काउंटी. २०१६ आणि २०२० मध्ये दोन्ही वेळा तिने ट्रम्प यांना कौल दिला होता. त्या वर्षी डिसेंबरात कामगारांनी युनियन हवी की नको यावर मतदान केले. हवी म्हणणारे ७१०, नको म्हणणारे १६. त्या ७१० जणांनी अध्यक्षपदासाठी कोणाला मत दिले, हे कोणी विचारले नाही. मुलगा मला म्हणाला होता, की तिथे बघण्यासारखे काही नाही. मला वाटते, अमेरिकेच्या राजकारणात सध्या बघण्यासारखे जे थोडे आहे, ते तिथेच आहे.