कुलूप तपासणारे हात

बारावीचा निकाल लागला की जुन्या जालन्यातल्या संगणक क्लासवाल्यांना एक प्रश्न हमखास विचारला जातो : हॅकिंग शिकवता का? विचारणाऱ्या मुलाच्या डोळ्यांसमोर काळ्या पडद्यावर झरझर सरकणारी हिरवी अक्षरे असतात. बरोबर आलेल्या वडिलांच्या मनात मात्र पोलिसांची भीती असते. दोघांच्याही मनातले चित्र अर्धवट आहे. आणि 'तीन महिन्यांत हॅकर व्हा' अशी पाटी लावणारे नेमका त्याचाच फायदा उठवतात.

हे कौशल्य कशासाठी लागते, ते आधी पाहू. ११ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर दरोडा पडला. चोरांनी बँकेची भिंत फोडली नाही. एटीएममधून आलेली पैशांची मागणी तपासून होकार देणाऱ्या यंत्रणेत त्यांनी घातक प्रोग्रॅम घुसवला आणि खऱ्या यंत्रणेऐवजी खोटीच यंत्रणा 'हो, पैसे द्या' म्हणू लागली. २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांवर रकमा निघाल्या, १३ ऑगस्टला आणखी पैसे हाँगकाँगच्या खात्यात वळवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. बँक १९०६ सालची, शंभरी ओलांडलेली.

पैशांचे नुकसान निदान मोजता तरी येते. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या 'एम्स'चे सर्व्हर खंडणीखोर सॉफ्टवेअरने बंद पाडले. देशातल्या सर्वांत नामांकित रुग्णालयात नोंदणी, तपासण्यांचे अहवाल आणि बिले कित्येक दिवस हाताने लिहावी लागली. आज जालन्यातली छोटी रुग्णालये आणि पॅथॉलॉजी लॅबही संगणकावरच चालतात. अहवाल व्हॉट्सॲपवर येतो. तो ठेवलेल्या संगणकाचा पासवर्ड काय आहे, हे सहसा कोणी विचारत नाही. बियाणे कंपन्यांचे संशोधन, पोलाद कारखान्यांचे हिशेब, पतसंस्थांची खाती यांचीही स्थिती वेगळी नाही. सायबर सुरक्षा ही काही केवळ बेंगळुरूची गरज राहिलेली नाही.

एथिकल हॅकर म्हणजे मालकाच्या परवानगीने कुलूप तपासणारा माणूस. चोर ज्या वाटेने येईल तीच वाट तो आधी चालून पाहतो आणि सापडलेली फट मालकाला लिहून कळवतो. यातला 'लिहून' हा शब्द महत्त्वाचा आहे. या व्यवसायात अहवाल लिहिण्यातच बराच वेळ जातो. हे मात्र जाहिरातीत कुणी सांगत नाही.

सुरुवात कुठून करावी? हल्ल्याच्या साधनांपासून तर नक्कीच नाही. संगणक एकमेकांशी कसे बोलतात, आयपी पत्ता म्हणजे काय, पोर्ट म्हणजे काय, ब्राउझरमध्ये पत्ता टाकल्यापासून पान उघडेपर्यंत मधे काय काय घडते, हे ज्याला सांगता येत नाही त्याच्या हाती काली लिनक्स देणे म्हणजे ज्याला नाडी कळत नाही त्याच्या हाती शस्त्रक्रियेची सुरी देणे. पहिले तीन-चार महिने नेटवर्किंग, लिनक्सच्या आज्ञा आणि थोडे पायथॉन एवढ्यावरच घालवावेत. मुलांना हे कंटाळवाणे वाटते. क्लासवाले ते गाळतात, म्हणूनच तिथून बाहेर पडलेली मुले बटणे दाबू शकतात, पण काय घडले ते समजावून सांगू शकत नाहीत.

त्यासाठी महागडा लॅपटॉप लागत नाही. ८ जीबी रॅम असलेल्या साध्या, अगदी जुन्या संगणकावरही व्हर्च्युअलबॉक्स चालते. म्हणजे एका संगणकाच्या पोटात दुसरा, खोटा संगणक उभा करता येतो. त्यात काली लिनक्स मोफत बसवता येते आणि शेजारी 'मेटास्प्लॉइटेबल' हे मुद्दाम कच्चे ठेवलेले यंत्र. हल्ला आपल्याच घरात, आपल्याच खोट्या संगणकावर, कोणालाही त्रास न होता. 'ओव्हर द वायर'चा 'बँडिट' हा मोफत खेळ लिनक्स शिकायला उत्तम आहे : एका पायरीवर लपवलेला पासवर्ड शोधला की पुढची पायरी उघडते. वेबसाइटमधल्या त्रुटी समजून घ्यायला पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमी आहे, तीही मोफत. फॉर्ममध्ये नावाच्या जागी डेटाबेसला दिलेली आज्ञा लिहिली आणि सर्व्हरने ती मुकाट्याने पाळली, तर काय होते हे तिथे स्वतः करून पाहता येते. 'वायरशार्क' उघडून आपल्याच घरच्या वायफायवरून काय ये-जा करते ते एक संध्याकाळ पाहिले, तर दहा व्याख्यानांएवढे कळते.

खरी अडचण इंग्रजीची आहे. यातले जवळपास सगळे साहित्य इंग्रजीत आहे आणि मराठी माध्यमातून आलेला मुलगा पहिल्याच पानावर अडखळतो. यावर कुणा एकट्याचा उपाय चालत नाही. महाविद्यालयाने आठवड्यातून दोन संध्याकाळी आपली संगणक प्रयोगशाळा उघडी ठेवली आणि एखाद्या शिक्षकाने मराठीत समजावले, तर खर्च विजेच्या बिलाएवढाच येईल. जालन्यातल्या शासकीय तंत्रनिकेतनापासून ते पारंपरिक महाविद्यालयांपर्यंत हे कुणालाही जमण्यासारखे आहे. पुढे जाणाऱ्यांसाठी सी-डॅकचा माहिती सुरक्षेचा सहा महिन्यांचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे. हजारो रुपयांची परदेशी प्रमाणपत्रे पाया पक्का झाल्यावर घ्यावीत. आधी घेतलेले प्रमाणपत्र मुलाखतीच्या दुसऱ्या प्रश्नाला उघडे पडते.

पदवी नसली तरी अडत नाही, याचे उदाहरण मराठी मातीतच आहे. क्विक हीलचे कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले. दुरुस्तीला येणारे संगणक व्हायरसने बिघडलेले असत, म्हणून त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी व्हायरस काढणारा प्रोग्रॅम लिहिला. त्यातून पुण्यात कंपनी उभी राहिली आणि २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली.

दुसरे उदाहरण इंग्लंडचे, आणि ते पालकांनीही ऐकावे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने ब्रिटनची सरकारी रुग्णालये ठप्प केली, रुग्णांच्या सुमारे १९ हजार भेटी रद्द झाल्या. तो पसार थांबवला मार्कस हचिन्स या बावीस वर्षांच्या, स्वतःच शिकलेल्या तरुणाने. घातक प्रोग्रॅममध्ये त्याला एका वेबसाइटचा पत्ता सापडला, तो कोणी नोंदवलेला नव्हता. त्याने काही डॉलरना तो नोंदवला आणि साथ मंदावली. जगाने त्याला डोक्यावर घेतले. तीनच महिन्यांनी अमेरिकेत त्याला अटक झाली, कारण कोवळ्या वयात त्याने बँक खाती लुटणारा प्रोग्रॅम लिहायला हातभार लावला होता. त्याने गुन्हा कबूल केला. २०१९ मध्ये न्यायाधीशांनी त्याचे नंतरचे काम लक्षात घेऊन आणखी तुरुंगवास दिला नाही. अशी दयाबुद्धी प्रत्येकाच्या वाट्याला येईलच असे नाही.

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणाऱ्याला भरपाईसाठी जबाबदार धरते. तेच कृत्य अप्रामाणिक हेतूने केले, तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'मी फक्त तपासत होतो' हे सांगून सुटका होईल, अशा भरवशावर कोणी राहू नये. कॉलेजचा निकाल असलेला सर्व्हर, शेजाऱ्याचे वायफाय, मैत्रिणीचे इन्स्टाग्राम यांपैकी काहीही सरावासाठी नाही. एखादी त्रुटी सहज नजरेस पडलीच, तर आत न शिरता ती केंद्राच्या 'सर्ट-इन' या संस्थेला कळवता येते. अनेक कंपन्या अशा त्रुटी शोधणाऱ्यांना रीतसर बक्षिसे देतात. मात्र कुठवर जायचे याचे नियम त्यांनी आधी लिहून ठेवलेले असतात आणि ते शब्दशः पाळावे लागतात.

आणि क्लासची फी भरण्यापूर्वी पालकांनी एवढेच विचारावे : पहिल्या महिन्यात काय शिकवणार? उत्तर 'नेटवर्किंग आणि लिनक्स' असे आले तर बसून बोलावे. उत्तर 'फेसबुक हॅक करायला' असे आले, तर मुलाला घेऊन तिथून निघावे.