लोकगीतांचे धन आणि त्याचे ऋण

१२ मे १९६९ च्या पहाटे इंग्लंडमधील एम-१ महामार्गावर ‘फेअरपोर्ट कन्व्हेन्शन’ या तरुण गायक-वादकांच्या संचाच्या गाडीला अपघात झाला. ड्रमवादक मार्टिन लँबल अवघ्या १९ व्या वर्षी मृत्युमुखी पडला. सोबतच्या एका तरुणीचाही अंत झाला. उरलेल्यांनी त्या उन्हाळ्यात हँपशायरमधील फार्ली चेंबरलेन या खेड्यातील एका घरात मुक्काम केला आणि स्वदेशाच्या जुन्या लोकगीतांचा आधार घेतला. त्यातून डिसेंबर १९६९ मध्ये ‘लीज अँड लीफ’ ही ध्वनिमुद्रिका निघाली.

तीत ‘टॅम लिन’, ‘मॅटी ग्रोव्ह्ज’ यांसारखी शतकानुशतकांची कथागीते सँडी डेनीच्या आवाजात, रिचर्ड थॉम्सनच्या विद्युत गिटारीच्या आणि डेव्ह स्वॉरब्रिकच्या व्हायोलिनच्या साथीने ऐकू येतात. ड्रमच्या ठोक्यांनी परंपरा भ्रष्ट होते, असा आक्षेप शुद्धतावाद्यांनी घ्यावा, हे स्वाभाविक होते. परंतु या आक्षेपामागे लोकगीत ही वापराने झिजणारी वस्तू आहे, असे गृहीतक आहे. धान्य एकाने खाल्ले की दुसऱ्यास उरत नाही. गीताचे तसे नाही. ते गायल्याने घटत नाही, न गायल्याने मात्र नष्ट होते.

तथापि, केवळ तरुणांच्या प्रतिभेवर हे घडले, असे मानणे चुकीचे ठरेल. फ्रान्सिस चाइल्ड या अमेरिकन प्राध्यापकाने ३०५ कथागीतांचे पाठ संपादित करून १८८२ ते १८९८ या काळात प्रसिद्ध केले. सेसिल शार्पने १९०३ पासून खेडोपाडी हिंडून हजारो गीते टिपून घेतली. त्याच्या नावाने लंडनमध्ये १९३० साली उभ्या राहिलेल्या वास्तूतील ग्रंथसंग्रहात संचातील ॲशली हचिंग्ज गीतांचा शोध घेत असे. या संग्रहातून कोणास नफा व्हावा, असा हेतू नव्हता. पण तो नसता, तर ही ध्वनिमुद्रिकाही नसती. ग्रंथालयांवरील खर्चाचा परतावा वार्षिक ताळेबंदात शोधणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

येथेच एक अप्रिय प्रश्नही उभा राहतो. परंपरागत गीतावर कोणाचाच स्वामित्वहक्क नसतो. परंतु त्याच्या नव्या संगीतरचनेवर हक्क सांगता येतो. मग ज्या शेतमजुरांनी व गृहिणींनी ही गीते कंठी जपली, त्यांच्या पदरी काय पडले? कायद्यापाशी याचे उत्तर नाही. त्या ऋणाची जाहीर कबुली मात्र देता येते. या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर चाइल्ड, शार्प आणि जुन्या लोकप्रथा यांना स्थान देऊन या संचाने ती काही अंशी दिली.

सँडी डेनी आणि हचिंग्ज यांनी प्रकाशनापूर्वीच संच सोडला. तरीही २००६ साली बीबीसीच्या श्रोत्यांनी हीच ध्वनिमुद्रिका लोकसंगीतातील सर्वाधिक प्रभावशाली म्हणून निवडली. परंपरेचे रक्षण करावयाचे, तर संग्राहक आणि गायक दोघेही हवेत. पहिल्यास समाजाने पोसावे आणि दुसऱ्यास मोकळीक द्यावी, हाच यातील बोध आहे.